शिवारातून गेलेला वारा कोणता?

प्रश्न : वळवाच्या पावसात आमच्या शिवारातून वारा घोंघावत गेला, गोठ्याचे पत्रे उडाले, ऊस लोळला. हा टॉर्नेडो (ढगापासून जमिनीपर्यंत गरगर फिरणारा वाऱ्याचा खांब) होता का, हे पाहणीतून कसे ठरवावे? (एक वाचक, तासगाव, जि. सांगली)

उत्तर : पत्रा किती लांब गेला यापेक्षा ऊस कोणत्या दिशेला पडला, हे आधी पाहावे. ढगातून कोसळणारा वारा जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो, म्हणून पीक पंख्यासारखे एकमेकांपासून दूर झुकलेले दिसते. टॉर्नेडोच्या अरुंद पट्ट्यात मात्र दोन्ही कडांचा ऊस बहुधा मध्याकडे वळलेला असतो आणि बांधापलीकडचे वावर कधीकधी शाबूत राहते. हवामानशास्त्रज्ञ फुजिता यांनी टॉर्नेडोसाठी १९७१ मध्ये मांडलेली आणि अमेरिकेत २००७ पासून सुधारित रूपात वापरली जाणारी श्रेणी वाऱ्याचा वेग मोजत नाही, तर नुकसानीवरून त्याचा अंदाज बांधते. तिच्या सर्वांत खालच्या पायरीवर हा वेग ताशी सुमारे १०५ ते १३७ किलोमीटर धरतात. गंजक्या खिळ्यांवर टेकलेला पत्रा याहून कमी वाऱ्यातही उडू शकतो, त्यामुळे त्याचे उडणे हा भक्कम पुरावा मानता येत नाही. पंचनामा होईपर्यंत लोळलेला ऊस शक्यतो हलवू नका, आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांचे फोटो दिशा नोंदवून आजच काढा, ही कळकळीची विनंती.