पहिल्या बाळंतपणात कळा नेमक्या कशा असतात, सहन होतात का? तुमचा अनुभव खरं खरं सांगाल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की आठवा महिना लागलाय, पहिलंच आहे, आणि ज्याला विचारावं तो एकतर "काही नाही गं, होऊन जातं" म्हणतो नाहीतर घाबरवून सोडतो. माझंही अगदी हेच झालं होतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. सगळ्यांचं सारखं नसतं, हे माझं झालं तसं सांगतेय.

मी मूळची बार्शीकडची, लग्नानंतर पुण्याला. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सातव्यात ओटीभरण झालं की आईकडे आले. २०२२ चा जुलै, आषाढी दोन-तीन दिवसांवर आलेली. तारीख १२ जुलैची दिली होती पण ७ तारखेला गुरुवारी रात्री अकराच्या सुमाराला कंबर दुखायला लागली. मी लक्षच दिलं नाही कारण आधीच्या आठवड्यात दोनदा खोट्या कळा येऊन गेल्या होत्या, जरा फेऱ्या मारल्या, कुशीवर झोपले की थांबायच्या. ह्या थांबेनात. हाच फरक लक्षात ठेवा, खोट्या कळा कधीही येतात नि आराम केला की जातात, खऱ्या कळांना एक ठेका असतो, हळूहळू जवळ जवळ यायला लागतात आणि तुम्ही झोपा, बसा, चाला, त्यांना काही फरक पडत नाही.

आता कळ कशी असते ते. पाळीत दुखतं तसंच सुरू होतं आधी. मग ती कंबरेतून उठते आणि दोन्ही बाजूंनी पोटावर येते, पोट हाताला दगडासारखं लागतं. तुम्ही ओली गोधडी पिळताना बघितली असेल, दोघी जणी दोन टोकं धरून उलट्या दिशेने पिळतात ना, तसं कंबरेपासून ओटीपोटापर्यंत पिळून निघतं. वाढत वाढत वर जाते, तिथे थोडा वेळ थांबते आणि मग उतरते. आणि उतरली की काहीच दुखत नाही. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं हो! मी धरून चालले होते की एकदा सुरू झालं की बाळ होईपर्यंत सलग दुखणार. तसं नसतं. एक कळ साधारण मिनिटभराची, आणि मधे अगदी शेवटी शेवटीसुद्धा एक-दोन मिनिटं मिळतात. मी त्या मधल्या वेळात चक्क डुलक्या घेतल्यात. माझं बाळंतपण त्या मधल्या वेळाच्या जोरावर पार पडलं असं मला आजही वाटतं.

पहाटे तीनला वहिनीला उठवलं. ती मोबाईलवर वेळ बघत बसली, आठ-नऊ मिनिटांनी एक येत होती. बाथरूमला गेले तर चिकट, रक्ताची छटा असलेला स्राव दिसला, मी घाबरले पण ते सुरुवातीचंच लक्षण असतं, नुसती छटा असली तर. पाच वाजता निघालो. ह्यांना फोन केला, ते पुण्याहून निघाले पण दोन वर्षांनी वारी पायी निघालेली, सोलापूर रोडला ही गर्दी.

दवाखान्यात आतून तपासणी केली तर गर्भपिशवीचं तोंड ३ सेंटीमीटर उघडलेलं. पूर्ण १० लागतं. मला वाटलेलं रात्रभर एवढं सहन केलं म्हणजे निम्मं तरी झालं असेल, ऐकून रडूच आलं. पहिलटकरणीला सुरुवातीचे हे सेंटीमीटरच जास्त वेळ खातात, पुढचे त्यामानाने लवकर होतात, म्हणून आकडा ऐकून खचू नका.

इथे एक गोष्ट मनाला लागलेली सांगते. दवाखान्याचं नाव घेत नाही. लेबर रूममध्ये वहिनीला आत येऊ देईनात, आणि मी एका कळेला ओरडले तर एक सिस्टर म्हणाल्या "आत्ताच एवढी ओरडतेस, पुढे काय करशील?" त्या वाक्याने माझी सगळी ताकदच गेली. कळ होती तेवढीच होती, पण एकटीने घेतली म्हणून दुप्पट वाटली. वहिनी दारातच उभी राहिली, डॉक्टर मॅडम आल्या तेव्हा त्यांना हात जोडून विनंती केली आणि त्यांनी आत घेतलं. मला नंतर कळलं की सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी एक सोबतीण ठेवायला केंद्र सरकारने २०१६ सालीच मान्यता दिलीय, सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठीच्या २०१७ च्या लक्ष्य कार्यक्रमातही ते आहे. तुमचा दवाखाना सरकारी असो की खाजगी, आत्ताच, आठव्यातच, जाऊन विचारून ठेवा की सोबत कोण थांबू शकतं. ऐनवेळी भांडायची ताकद बाईत नसते.

वहिनी आत आली आणि पहिलं काम काय केलं तर मला पलंगावरून उठवलं. चालायला लावलं. कळ आली की मी खिडकीचा गज धरून पुढे वाकायचे आणि ती मागून तळहाताचा खालचा भाग माकडहाडाच्या जरा वर गच्च दाबून धरायची. हे नक्की करून बघा, फार फरक पडतो. आणि ती श्वास मोजायची, मोठ्याने. सहाव्या-सातव्या श्वासाला कळ उतरायला लागायची हे मला कळून चुकलं, मग "सात" ऐकायचीच वाट बघायचे. अधूनमधून चमच्याने पाणी, एक खजूर.

साडेअकराला पाणमोट फुटली. आतून फुगा फुटल्यासारखं झालं आणि कोमट पाणी पायावरून गेलं. मॅडमनी आधी पाण्याचा रंग बघितला, स्वच्छ होतं. हिरवट असेल तर बाळाने आत शी केलेली असू शकते, मग जास्त लक्ष ठेवावं लागतं. त्यानंतर मात्र कळांचं रूपच बदललं. खोटं कशाला सांगू, दुपारी एक ते अडीच हा वेळ फार कठीण गेला. उलटी झाली, पाय लटलट कापायला लागले, मी वहिनीला म्हणाले मला नाही जमणार, सिझर करा, काहीही करा पण थांबवा. मॅडम म्हणाल्या, "बाई असं म्हणाली ना, की आम्हाला कळतं आता जवळ आलं." तपासलं तर ९ सेंटीमीटर.

मग एकदम संडासला लागल्यासारखं वाटतं, जोरात, आवरता न येणारं. ते बाळाचं डोकं खाली दाबत असतं. लाजू नका, लगेच डॉक्टरांना सांगा, आणि त्या सांगेपर्यंत जोर देऊ नका. जोर देताना हनुवटी छातीला लावायची, मांड्या धरायच्या, आणि दम घशात न काढता खाली लावायचा. मला हे जमायलाच दहा-बारा कळा गेल्या. पण आश्चर्य म्हणजे जोर देतानाच्या कळा मला आधीच्यापेक्षा सोप्या गेल्या, कारण नुसतं सोसायचं नव्हतं, काहीतरी करायचं होतं. शेवटी डोकं बाहेर येताना खाली जाळ लागल्यासारखी आग होते. थोडा छेद घ्यावा लागला, भूल दिलेली असल्याने तो मला कळलाही नाही. मॅडम ओरडल्या "आता जोर नको, फू फू कर", मी फू फू केलं, आणि पुढचं सगळं शरीर सर्रकन निसटलं. तीन वाजून पस्तीस मिनिटं. मुलगी. दोन किलो साडेआठशे ग्रॅम.

दोन-तीन सेकंद आवाज नाही. मग रडली.

तिला तशीच ओली माझ्या छातीवर ठेवली, नाळ अजून जोडलेली, ती एखाद मिनिटाने कापली. गरम होती खूप. अंगावर पांढरं लोण्यासारखं, आणि एक कान पार दुमडलेला, कानाच्या पाळीवर बारीक काळी लव. मी तो कानच बघत बसले. सगळे सांगतात की बाळाला बघितलं की माया दाटून येते, मला त्या क्षणी तसं काही झालं नाही. मला थंडी वाजत होती, पाय थडथड उडत होते, आणि डोक्यात एवढंच की संपलं, सुटले. मला वाटलं माझ्यात काहीतरी कमी आहे. तसं नसतं हो. माझी माया तिसऱ्या रात्री आली, ती कुशीत असताना त्याच कानावरून बोट फिरवत होते तेव्हा.

मग मांडीत इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत वार (नाळ जिला जोडलेली असते ती) पडली, टाके घातले. बरेच दिवस बसताना त्रास झाला, आणि पहिल्यांदा लघवीला जायची भीती कळांपेक्षा मोठी होती. तांब्याभर कोमट पाणी ओतत ओतत जा, आग कमी होते. हे कुरडुवाडीला पोचलेले तेव्हा फोनवर मुलीचा आवाज ऐकला, बोलताच येईना त्यांना.

पहिल्या तासातच अंगावर घेतलं, चीक आला, म्हणजे पहिलं दाट दूध, पिवळा, मोजून थेंब. आजी म्हणाली मध चाटवा, वहिनीने स्पष्ट नाही सांगितलं, मॅडमनीही. चीक टाकू नका, तेवढे थेंब बाळाला पुरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं, छाती दगडासारखी होते आणि उगाच रडू येतं. पंधरा दिवसांनीही तसंच वाटत राहिलं तर डॉक्टरांना सांगा, घरच्यांना "नाटकं" म्हणू देऊ नका.

कळा नसतानाही पाणी गेलं, पाळीसारखं रक्त गेलं, बाळ फिरायचं कमी झालं, डोकं ठणकून डोळ्यापुढे अंधारी आली तर वाट बघत बसू नका, रात्र असली तरी निघा. गाडी नसेल तर १०२ किंवा १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल असो की सिझर, औषधं, जेवण, ने-आण सगळं मोफत आहे, पैसे मागितले तर हे सांगा. मोठ्या शहरात असाल तर कंबरेत इंजेक्शन देऊन वेदना कमी करतात, एपिड्युरल म्हणतात, तेही आधी विचारून ठेवा. ते घेतलं म्हणून किंवा सिझर झालं म्हणून कुणी कमी आई होत नाही. माझ्या जावेचं सिझर झालं, तिने टाक्यांसकट उठून बाळाला पाजलेलं मी बघितलंय.

तुम्ही विचारलंत सहन होतं का. होतं, एका वेळी एक कळ. आणि मागे कुणाचा तरी हात असेल तर नक्की होतं, तो हात कुणाचा असेल ते आत्ताच ठरवून ठेवा.

अजून काही विचारायचं असेल तर खाली लिहा, अगदी खाजगी असलं तरी. मुलगी झोपली की रात्री दहानंतर उत्तर देते.