शिकवतानाच घेता येणारी काळजी

तुम्ही नेरूळच्या महाविद्यालयात एसवायच्या, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या, एकशेवीस मुलांना संख्याशास्त्र शिकवता. अभ्यासक्रम पुरा करायचा की मुलांच्या मनःस्थितीकडे पाहायचे, असा तुमचा प्रश्न आहे. पहिल्या सत्रात पुढच्या बाकावर बसून शंका विचारणारा एक मुलगा तीन आठवडे वर्गात आलेला नाही, त्याचे नाव कमी हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये लागले आहे, आणि आपण समुपदेशक नसताना त्याच्याशी बोलावे की नाही हे तुम्हाला समजत नाही, असेही तुम्ही लिहिले आहे. मी ठाण्यात सव्वीस वर्षे हाच विषय शिकवत आले आहे. त्या मुलाविषयी शेवटी लिहीन, पण त्याआधी तुमच्या प्रश्नातल्या ‘की’विषयी बोलणे मला गरजेचे वाटते, कारण मीही पहिली काही वर्षे ही दोन कामे वेगळी मानत होते आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली.

तो आसनगावहून येत असे. सकाळी सातच्या तासाला मागच्या बाकावर डोके ठेवून झोपायचा. मी त्याला एकदा भर वर्गात उभे केले, एकदा बाहेर काढले, आणि चाचणीला पंधरा मिनिटे उशिरा आला म्हणून शून्य गुण दिले. त्याने परीक्षेचा फॉर्मच भरला नाही. पुढे त्याच्या मित्राकडून कळले की तो भिवंडीच्या एका गोदामात रात्रपाळीला पार्सले लावायचा आणि घरी न जाता तेथूनच थेट वर्गात यायचा. मी मेंटॉर-मेंटीची फाइल, म्हणजे प्रत्येक शिक्षकाकडे सोपवलेल्या मुलांच्या अडचणींची नोंद, काढून पाहिली. त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात ‘अडचण नाही’ असे लिहिलेले होते, कारण तपासणी जवळ आली होती आणि त्या संध्याकाळी मी वीस मुलांचे रकाने एकाच बैठकीत भरले होते. त्या मुलाला समुपदेशकाची गरज होती की नाही हे मी सांगू शकत नाही. चाचणीची वेळ सकाळी सातऐवजी अकराची असती आणि ‘रात्री कुठे असतोस?’ एवढे मी विचारले असते, तर मात्र तो परीक्षेला बसला असता असे मला आजही वाटते.

तेव्हापासून मी ही काळजी वर्गाच्या रचनेतच शोधू लागले. मुलांच्या ताणाचा मोठा भाग आपण शिक्षकच तयार करतो: तारीख आयत्या वेळी सांगून, सगळे गुण एका परीक्षेवर टांगून, पेपर दीड महिना परत न देऊन. हा भाग कमी करायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

सर्वांत जास्त उपयोग मला चिठ्ठीचा झाला. तासाची शेवटची तीन मिनिटे राखून ठेवते आणि पाव कागदावर ‘आज काय कळले नाही’ एवढेच, नाव न घालता, लिहायला सांगते. एका वर्षी स्टँडर्ड डेव्हिएशन आणि स्टँडर्ड एरर शिकवून मी समाधानाने चिठ्ठ्या गोळा केल्या, तर त्यांतल्या एकीवर लिहिले होते, ‘मॅडम, मला दोन्ही एकच वाटतात, पण बाकीच्यांना कळले आहे म्हणून विचारले नाही.’ निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांवर थोड्याफार फरकाने तेच होते. दुसऱ्या दिवशी मी ती चिठ्ठी वाचून दाखवली, आणखी किती जणांनी तेच लिहिले होते ते सांगितले, आणि वर्गातल्या दहा मुलांच्या उंची फळ्यावर लिहून पाच-पाच जणांच्या सरासऱ्या काढायला लावल्या. एकेकाची उंची सरासरीपासून किती पसरते ते डेव्हिएशन, आणि दर वेळी वेगळे पाच जण घेतले की सरासरीच किती हलते ते एरर, हे मुलांनी स्वतःच्या हाताने पाहिले. विषय समजला हे तर झालेच, पण ‘आपण एकटेच ढ आहोत’ ही समजूत त्या दिवशी अनेकांच्या मनातून गेली. ही समजूत अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला आतून किती पोखरते, ते मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

अशा पद्धतींमुळे अभ्यासक्रम मागे पडतो, ही तुमची भीती समजण्यासारखी आहे. स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के, तर मुलांना वर्गातच काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के विद्यार्थी नापास झालेले दिसले. एटीकेटीचे, म्हणजे नापास झालेल्या विषयांचे, ओझे घेऊन पुढच्या वर्गात जाणारा मुलगा ज्याने पाहिला आहे, त्याला या फरकाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. फक्त एक सावधगिरी बाळगा. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा वर्गातली मुले प्रत्यक्षात जास्त शिकली होती, परंतु आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. त्यामुळे पहिल्या महिन्यात कुरकुर होईल. असे का शिकवता आहात, ते मुलांना पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने सांगून टाका.

चाचण्यांचेही तसेच आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवते, पण आठवड्यानंतर, वाचल्यावर आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे असतात. म्हणून मी सत्रात पाच-पाच गुणांच्या सात छोट्या चाचण्या घेते आणि त्यांतल्या उत्तम पाच धरते. विभागप्रमुखांची मान्यता आधी लेखी घ्या, नाहीतर शेवटी गुण भरताना वाद होतात. उत्तम पाचच धरल्यामुळे, मध्य रेल्वे पावसात बंद पडली, घरात कोणी आजारी झाले, किंवा मुलगा नुसताच खचलेला असला, तरी त्याला माझ्यापुढे हात जोडून कारण सांगावे लागत नाही. कारण सांगायला लावण्यात मुलांचा मोठा अपमान होतो, आणि ज्याची अडचण सर्वांत खरी असते तोच बहुधा गप्प राहतो. चाचण्यांच्या तारखा पहिल्याच आठवड्यात देते, गौरी-गणपतीच्या आगेमागे काही ठेवत नाही, आणि पेपर आठ दिवसांत परत करते.

नावे मात्र पाठ कराच. एकशेवीस जमत नसतील तर चाळीस करा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम) आणि इतर विषयांमुळे एकाच मुलाची तुकडी दिवसभरात तीन-चारदा बदलते, प्रत्येक तासाला शेजारी वेगळा असतो, आणि तो यायचा थांबला तर कोणाच्याच लक्षात येत नाही. शिक्षकाने नाव घेऊन ‘काल दिसला नाहीस’ म्हणणे पूर्वीपेक्षा आज जास्त गरजेचे झाले आहे.

आता आपण स्वतः समुपदेशक नसण्याविषयी. उपचार करणे आपले काम नाही आणि तो प्रयत्न करूही नका. लक्षात येणे, विचारणे, ऐकणे आणि योग्य माणसापर्यंत सोबत जाणे, एवढे आपले काम आहे. ‘सोबत’ हा शब्द मी जाणूनबुजून लिहिते आहे, कारण नुसता फोन नंबर दिलेला मुलगा बहुतेक वेळा जात नाही. समुपदेशकाच्या खोलीपर्यंत त्याच्याबरोबर चालत जा, ओळख करून द्या आणि बाहेर या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असणे आवश्यक आहे. तुमच्याकडे तसे कोणी नसेल तर प्राचार्यांना लेखी विचारा. मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी फोनसेवा चोवीस तास मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि त्याच्या बाह्यरुग्ण विभागात साध्या नैराश्यासाठीही जाता येते, हे अनेक पालकांना अजून सांगावे लागते.

एखादा मुलगा ‘आता काही अर्थ नाही’ असे बोलू लागला, तर त्याला स्पष्ट शब्दांत विचारा: ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना कोणीतरी विचारले याने सुटल्यासारखे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, आणि ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मुळीच देऊ नका. त्याऐवजी म्हणा, ‘ज्यांना सांगणे आवश्यक आहे त्यांनाच सांगेन, आणि तुला सांगून सांगेन.’

तुमच्या त्या मुलाकडे वळते. मुंबई विद्यापीठाचा ७५ टक्के हजेरीचा नियम आहे आणि तो आपण बदलू शकत नाही, परंतु योग्य कारणाचे कागद वेळेत दिले तर सवलतीचा विचार होतो, आणि कागद वेळेत यायचे तर कोणीतरी त्याला आताच गाठले पाहिजे. फलकावरची यादी हे काम करत नाही. त्याला आज पुढील निरोप पाठवा, शब्द हवे तर बदला: ‘तीन आठवडे तू वर्गात नाहीस, म्हणून आठवण झाली. हजेरीचे नंतर पाहू. गुरुवारी एक ते दोन मी विभागातच आहे, ये. यायला जमणार नसेल तर फोन कधी करू ते कळव.’ दोन दिवसांत उत्तर आले नाही तर फोन करा, मग त्याच्या मित्रांना विचारा. जिवाला धोका असल्याची शंका नसेल तर घरी फोन करण्याची घाई करू नका, कारण काही वेळा अडचण घरातच असते; शंका असेल तर मात्र क्षणभरही थांबू नका. निरोप दुपारी पाठवा, म्हणजे त्याने लगेच उत्तर दिले तर ते तुमच्या वाचनात येईल. आणि गुरुवारी त्या तासाला दुसरी कोणतीही बैठक स्वीकारू नका, त्याने उत्तर दिले नसले तरी.