दुधी बोटाएवढा होतो आणि गळतो

प्रश्न : ताई नमस्कार, पुण्यात गच्चीवर बाग केलीये. फेब्रुवारीत टाकलेली मेथी न् पालक मस्त आला, लिंबालाही फुलं लागलीत, पण एप्रिल लागल्यापासून दुधी बोटाएवढा होऊन पिवळा पडतो न् गळतो, टोमॅटोची फुलंही झडतायत, खत तर वेळेवर घालतेय, काय चुकतंय?

उत्तर : आधी एक सांगते, खत अजून वाढवू नका. दुधी गळतोय कारण परागीभवन होत नाहीये. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा गच्चीवर मधमाश्या कुठून येणार, म्हणून ते काम आपणच करायचं. मादी फुलाखाली इवलासा दुधी असतो, नर फुलाला नुसता लांब देठ. उमललेलं ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा, बस्स. मी पहिल्यांदा केलं आणि चार दिवसांत दुधी फुगायला लागला तेव्हा इतका आनंद झाला होता ना! सुरुवातीला वेलीवर बहुतेक नर फुलंच येतात, ती गळली तर घाबरू नका.

टोमॅटोचं कारण उन्हाळा. पारा ३५ अंशांच्या वर गेला की पराग निकामी होतात आणि फूल झडतं. दुपारी ग्रीन नेट, मातीवर पालापाचोळा, सकाळी लवकर पाणी, एवढं करून झाडं जगवा. पण खरं सांगू का, टोमॅटो ऑक्टोबरातच लावा, आत्ता रिकाम्या कुंड्यांत भेंडी आणि गवार टाका, त्यांना ऊन आवडतं.