पहिला वेप: छोटा घ्या, साधा घ्या, फक्त फुसका घेऊ नका

प्रश्न: माझं वय ४३. गेली २२ वर्षं सिगारेट ओढतोय, रोजच्या पंधरा-सोळा होतात आणि सकाळी डोळे उघडल्यावर पाच मिनिटांत पहिली लागतेच. दोनदा सोडून बघितली, एकदा नऊ दिवस टिकलो, एकदा तीन आठवडे. आता ई-सिगारेटवर जायचं ठरवलंय पण नेटवर बघायला गेलो तर डोकंच गरगरलं. पॉड, मॉड, टँक, ओम, वॅट, सॉल्ट, ५०-५०, ७०-३०, काय काय ते. एक मित्र म्हणतो एकदाच भारीतलं मशीन घे म्हणजे परत घ्यायला नको, दुसरा म्हणतो निकोटिन ३ चंच घे, जास्त घेतलंस तर व्यसन वाढेल. पहिल्यांदा नेमकं काय घ्यायचं, सरळ सांगाल का?

उत्तर: सरळ सांगायचं तर दोघाही मित्रांचं ऐकू नका. तुम्हाला पाहिजे एक छोटा, परत भरता येणारा पॉड (म्हणजे बॅटरीवर लिक्विडची छोटी डबी बसवलेली साधी ई-सिगारेट, म्हणजेच वेप), ज्याचा झुरका सिगारेटसारखा घट्ट आहे, आणि त्यात पुरेशा ताकदीचं निकोटिनचं लिक्विड. बस. बाकीची सगळी मशिनरी नंतर कधीतरी, नाहीतर कधीच नाही.

आधी कायद्याचं बोलून घेऊ, कारण प्रत्येक देशात तो वेगळा आहे. भारतात २०१९ पासून ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, जाहिरात करणं सगळ्यालाच बंदी आहे, त्यामुळे तिथे असाल तर पुढचं सोडा आणि थेट खालच्या निकोटिन गमच्या प्रश्नावर जा. ऑस्ट्रेलियात हे फक्त फार्मसीतून मिळतं. ब्रिटनमध्ये उलट, सरकारी आरोग्यसेवाच सिगारेट सोडायला हे वापरा म्हणते, पण वापरून फेकायचे वेप तिथे १ जून २०२५ पासून बंद झालेत. जिथे राहता तिथला नियम बघा आणि काहीही झालं तरी चोरट्या मार्गाने आलेला माल घेऊ नका. २०१९-२० मध्ये अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसं खराब होऊन हजारो लोक हॉस्पिटलात गेले, ६८ मेले, त्यातली बहुतेक प्रकरणं गांजाच्या अर्काच्या काळ्याबाजारातल्या कार्ट्रिजची होती आणि त्यात घातलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट हा मुख्य संशयित निघाला. बाटलीत काय आहे ते कळायलाच पाहिजे, मुद्दा तोच.

आता माझंच सांगतो. मी पहिल्यांदा घेतलेलं मशीन विटेएवढं होतं, दोन बॅटऱ्या, स्क्रीन, रंगीत लाइट, आणि दुकानदाराने वर निकोटिन ३ चं लिक्विड दिलं, "सुरुवातीला हलकंच बरं" म्हणून. ०.२ ओमची कॉइल (लिक्विड तापवणारी तार), ७० वॅट; ओम जितका कमी आणि वॅट जितके जास्त, तितकी वाफ जास्त. सिगारेटसारखा झुरका मारला आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, खोलीभर ढग, आणि तलफ मात्र होती तिथेच. दिवसभर ते ढग काढून काढून घसा कोरडा पडला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाली जाऊन पाकीट घेऊन आलो. तेव्हा वाटलं आपल्यातच जिद्द नाही. जिद्द-बिद्द काही नाही हो, मशीनच चुकीचं होतं.

चूक कुठे होते ते सांगतो. सिगारेट ओढताना आपण धूर आधी तोंडात घेतो, क्षणभर थांबतो, मग छातीत ओढतो. वीस वर्षं हेच केलंय, शरीराला तेच माहीत. मोठी, कमी ओमची मशिन्स सरळ छातीत श्वास घेतल्यासारखी ओढायची असतात, भरपूर हवा, भरपूर वाफ, म्हणून त्यात निकोटिन कमी ठेवतात. छोट्या पॉडमध्ये उलटं असतं: हवेचं भोक बारीक, कॉइल साधारण ०.८ ते १.२ ओमची, ताकद दहा-पंधरा वॅटच्या आसपास, वाफ थोडीच पण ओढताना तो ओळखीचा अडसर लागतो. बटणही नको, ओढलं की चालू होणारं घ्या. स्क्रीन असेल तर तुम्ही दिवसभर वॅट कमी-जास्त करत बसाल, हे मी अनुभवाने सांगतोय.

निकोटिनचं नीट समजून घ्या, कारण नव्वद टक्के गोंधळ इथेच आहे (नव्वद हा माझा अंदाजपंचे आकडा, मनावर घेऊ नका). बाटलीवर ३, ६, १२, २० असं लिहिलेलं असतं ते एका मिलिलिटरमागे मिलिग्रॅम. २० म्हणजेच २ टक्के, दोन्ही एकच. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते २ मिलिग्रॅम निकोटिन जातं आणि ते काही सेकंदांत मेंदूत पोचतं, वेप बऱ्याचदा त्यापेक्षा हळू चालतो. म्हणजे आधीच हळू, त्यात तुम्ही ३ चं भरलंत तर तलफ भागणार कशी? माणूस मग जास्त झुरके मारतो, जास्त लिक्विड संपवतो, आणि तरीही चिडचिडा राहतो. तुमची पहिली सिगारेट पाच मिनिटांत लागते, ही जबर सवयीची खूण आहे, त्यामुळे तुम्ही २० च्या निकोटिन सॉल्टने सुरू करा. सॉल्ट म्हणजे काय, तर निकोटिनात आम्ल मिसळलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच ताकदीचं साधं लिक्विड जसं घशाला ओरबाडतं तसं हे ओरबाडत नाही. युरोपात २० ही कायद्याची वरची मर्यादा आहे, काही ठिकाणी ५० चंही मिळतं, तिकडे जाऊ नका. आणि हे पॉडमध्येच, मोठ्या मशीनमध्ये २० चं चुकूनही भरू नका, डोकं गरगरून बसावं लागेल. पॉडमध्येसुद्धा मळमळ, उचक्या, धडधड असं वाटलं तर जास्त झालं, बाजूला ठेवा, थोड्या वेळाने उतरतं.

"व्यसन वाढेल" म्हणणाऱ्या मित्राला सांगा, व्यसन आधीपासून आहेच, आपण फक्त ते जाळण्यापासून सोडवतोय. निकोटिन काही गरीब गाय नाही, ते चटक लावतं, नाडी आणि बीपी वाढवतं, गरोदरपणात किंवा हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरशी बोलल्याशिवाय काहीच सुरू करू नये. पण कॅन्सर आणि फुप्फुसाचं जे मोठं नुकसान होतं ते तंबाखू जळल्यावर निघणाऱ्या डांबराने आणि इतर विषांनी. वेपमध्ये काही जळत नाही, म्हणून धोका बराच कमी. शून्य नाही.

लिक्विडमध्ये ५०-५० लिहिलेलं घ्या, म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन निम्मं निम्मं. ७०-३० वालं, म्हणजे ७० टक्के ग्लिसरीनचं, घट्ट असतं, छोट्या कॉइलच्या कापसात ते वेळेवर झिरपत नाही. फ्लेवर कुठला? पहिल्या आठवड्यात छोट्या बाटल्या दोन-तीन वेगवेगळ्या आणा. तंबाखूचा फ्लेवर हा सिगारेटसारखा अजिबात लागत नाही, बरेच जण तिथेच नाराज होतात, मिंट सहसा जमून जातो. आणि पॉड दोन घ्या! एकाची बॅटरी रात्री साडेदहाला संपली आणि दुसरा नसला की काय होतं ते तुम्हाला माहितीये, पाय आपोआप पाकिटाकडे वळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वेप आणि सिगारेट दोन्ही चालू ठेवून "कमी केली" म्हणणं यात फार काही पदरात पडत नाही. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याला हार्टचा जो जास्तीचा धोका असतो तो रोज वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो, विसावा भाग नाही. पहिले काही दिवस सरमिसळ होईल, ठीक आहे, पण तारीख ठरवा आणि त्या दिवशी पाकीट, लायटर, अॅशट्रे घराबाहेर. त्या दिवसापासून चहा-कॉफी मात्र कमी करा. हे कोणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफिन भराभर निकाली काढत असतं, धूर थांबला की तीच कॉफी अंगात कितीतरी जास्त वेळ रेंगाळते, मग झोप लागत नाही, हात थरथरतात आणि माणूस म्हणतो सिगारेट सोडल्यामुळे होतंय. याच कारणाने काही औषधांचे डोसही बदलावे लागतात, क्लोझापिन (मानसिक आजाराचं) आणि थिओफिलिन (दम्याचं) ही दोन ठळक, घेत असाल तर आधी डॉक्टरला सांगा.

हे खरंच चालतं का म्हणाल तर २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ८८६ लोकांवरचा अभ्यास छापून आला. वर्षभराने वेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून लांब होते, निकोटिनचे पॅच-गम वापरणाऱ्यांपैकी ९.९ टक्के, आणि दोन्ही गटांना समुपदेशन होतं. म्हणजे जादू नाही, पण जवळपास दुप्पट. त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही ऐका, त्या १८ टक्क्यांतले ८० टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढत होते. म्हणून सिगारेट पूर्ण सुटून दोन-तीन महिने झाले की २० वरून १० वर या, मग आणखी खाली. घाई करू नका, ताकद उतरवताना सिगारेट परत आली तर सगळंच मुसळ केरात.

प्रश्न: नवीन पॉड घेतला, पहिल्याच दिवशी जळका कापूस तोंडात आल्यासारखी चव. मशीन खराब निघालं का?

उत्तर: मशीन बहुतेक ठीक आहे, कॉइल जाळलीत तुम्ही. पॉडच्या आत छोटीशी तार असते आणि तिच्याभोवती कापूस. तार तापते, कापसातल्या लिक्विडची वाफ होते. कापूस कोरडा असताना ओढलंत की कापूसच करपतो आणि एकदा करपला की ती चव जात नाही, कॉइल किंवा पॉड बदलायचाच. नवीन भरलं की दहा मिनिटं घड्याळ लावून बाजूला ठेवा. कॉइल सुटी मिळत असेल तर तिच्या भोकांतून दिसणाऱ्या पांढऱ्या कापसावर आधी तीन-चार थेंब सोडा, तो ओला होऊन जरा पिवळसर दिसला की मग बसवा. लिक्विड पाव भाग उरलं की परत भरा, तळ दिसेपर्यंत वाट बघू नका. गोड लिक्विड वापरणाऱ्यांची कॉइल लवकर काळी पडते, बाकी आठवडा-दोन आठवडे चालते. आणि बाटली लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, पोटात गेलं तर ते विष आहे, अंगावर सांडलं तर लगेच धुवा.

प्रश्न: माझ्याकडे वेप मिळतच नाही. निकोटिनचा गम आणला पण दोन दिवसांत उचक्या आणि छातीत जळजळ, काही उपयोग नाही वाटतं.

उत्तर: तुम्ही तो च्युइंगमसारखा चघळताय ना? सगळ्यांचं तेच होतं. हा गम सात-आठ वेळा हळू चावायचा, तिखटसर झिणझिण्या आल्या की गालाच्या आणि हिरडीच्या मध्ये सारून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की परत चावायचा, असं अर्धा तास. निकोटिन गालातून जाऊ द्यायचं, गिळलं की पोटात जळजळ आणि तलफ तशीच. आधी पंधरा मिनिटं कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक नको, तोंड आंबट असलं की ते शोषलंच जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासात सिगारेट लागत असेल तर २ मिलिग्रॅमचा तुम्हाला पुरणार नाही, ४ चा घ्या. नुसता गम जमला नाही तर दिवसभर अंगावर निकोटिनचा पॅच (कातडीला चिकटवायची पट्टी) आणि तलफ उसळली की गम अशी जोडी एकट्यापेक्षा चांगली चालते, कुठला पॅच ते डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारून घ्या. शिवाय सिगारेट सोडायला वॅरेनिक्लिनची गोळी असते, ती डॉक्टरच देतील.

प्रश्न: मी १९ वर्षांची आहे, सिगारेट कधीच ओढली नाही. मैत्रिणींकडे फळांच्या फ्लेवरचे वेप आहेत. शून्य निकोटिनवालं घेतलं तर चालेल ना?

उत्तर: नको गं. वरचं सगळं जे सिगारेटमध्ये आधीच अडकलेत त्यांच्यासाठी लिहिलंय, ते आगीतून बाहेर येतायत, तू बाहेरच आहेस. आणि शून्य लिहिलेल्या लिक्विडमध्ये तपासणीत निकोटिन सापडल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे मैत्रिणीच्या हातातल्या पाकिटावर काय छापलंय त्यावर जाऊ नकोस.