घरातली मराठी थांबवू नका

पुण्याहून श्टुटगार्टला येऊन चार महिने झाले, दुसरीतला मुलगा शाळेत एक शब्दही बोलत नाही, डबा तसाच परत आणतो आणि वर्गशिक्षिकांनी घरीही जर्मनच बोला असे सुचवले आहे, असे आपण लिहिले आहे. आम्ही २०१४ साली याच शहरात आलो तेव्हा आमची मुलगी सात वर्षांची होती आणि तिचे पहिले पाच महिने असेच गेले. शिक्षिकांचा हेतू चांगला असला, तरी हा सल्ला मानू नये, असे माझे ठाम मत आहे.

नव्या भाषेत पडलेले मूल बरेचदा काही महिने नुसते ऐकत असते. ते गप्प असते, पण आत शिकणे चालूच असते. कॅनडातील भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिले आहे की खेळण्याबोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, मात्र अभ्यासाची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षे लागतात. इथे चौथीनंतर मुलाची पुढची शाळा ठरते, त्यामुळे आईवडिलांचा धीर सुटतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. पण अशा वेळी आपण घरी अडखळत जर्मन बोलू लागलो, तर दिवसभर मुक्या राहिलेल्या मुलाला मन मोकळे करायची एकमेव जागाही उरत नाही.

शिवाय मराठी त्याच्या जर्मनच्या आड येत नाही, उलट हाताशी येते. नव्याने आलेल्या मुलांच्या तयारी वर्गात, ज्याला इथे ‘फोरबेराइटुंग्सक्लासे’ म्हणतात, एकदा अंकांचे श्रुतलेखन होते. बाईंनी ‘झीबेनउंटफिर्त्सिश’ म्हटल्यावर शेजारच्या मुलाने ७४ लिहिले, आमच्या मुलीने ४७. घरी आल्यावर ती म्हणाली, “आई, हे तर आपल्या सत्तेचाळीससारखंच आहे, आधी सात आणि मग चाळीस.” त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी तिने शाळेतली गोष्ट आपणहून सांगितली. तीन लिंगांचेही तसेच. खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’ हे तोंडात बसलेल्या मुलाला प्रत्येक वस्तूला लिंग असते हे वेगळे समजवावे लागत नाही. जर्मनमध्ये खुर्ची आणि टेबल दोन्ही पुल्लिंगी आहेत, एवढेच नव्याने लक्षात ठेवायचे.

डब्याचे कारण बहुधा साधे असावे. दहाच्या सुमाराच्या सुट्टीत बाकीची मुले पाव, काकडी, सफरचंदाच्या फोडी खातात आणि भाजीच्या वासाकडे माना वळतात. काही दिवस त्याला हवे तेच द्यावे; पोळीभाजी दुपारी घरी गरम मिळेलच.

मूल घरीही अबोल झाले असेल, झोप बिघडली असेल किंवा शाळेत कोणी त्रास देत असल्याची शंका असेल, तर मात्र वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना आणि शाळेला सांगावे.

पुढच्या आठवड्यात वर्गशिक्षिकांची भेट आहे, असे आपण लिहिले आहे. त्यांच्याकडे एवढेच मागावे की पुढच्या पाठातले दहा-बारा शब्द आदल्या शुक्रवारी कळवावेत. आम्ही ते शब्द शनिवारी मराठीतून समजावत असू, त्यांवर गप्पा मारत असू आणि सोमवारी वर्गात ते कानावर पडले की मुलीला ओळखीचे वाटत. नोव्हेंबरातल्या अशाच एका सोमवारी तिने पहिल्यांदा हात वर केला.