कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा बनला होता, हे खरं का? जगात आधी कोण बनवत होतं?

हो, खरं आहे. कोल्हापूरचे चित्रकार आनंदराव पेंटरांनी कामाला हात घातला, पण 1916 ला ते वारले. मग चित्रकार बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून 1918 च्या सुमारास कॅमेरा उभा केला. पहिला देशी सिनेकॅमेरा म्हणून तोच ओळखला जातो. कोल्हापुरात खरी कॉर्नर या चौकात कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, तो उगाच नाही. फाळक्यांनी मात्र 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा तयार कॅमेरा आणला होता.

डबा आणि भिंग जमवणं फार अवघड नाही. खरी गोम फिल्म सरकवण्यात. हातानं दांडा फिरवायचा, आतल्या नख्यांनी काठाची भोकं पकडून फिल्म एक चौकट खाली ओढायची, तिथं क्षणभर अगदी स्थिर धरायची, तेवढ्यात शटर, म्हणजे प्रकाश अडवणारी झडप, उघडायचं. हे सेकंदाला साधारण 16 वेळा! केसभर चूक झाली की पडद्यावर चित्र थरथरलंच.

जगात म्हणाल, तर ल्युमिएर बंधूंचं 1895 चं यंत्र पॅरिसच्या कार्पांतिए या कारागिरानं घडवलं. शूटिंग, प्रिंट आणि प्रोजेक्शन तिन्ही त्यातच व्हायचं. 1912 च्या आसपास शिकागोच्या बेल अँड हॉवेलनं लाकूड सोडून धातूचा कॅमेरा काढला, पुढं मिचेल कंपनीचा कॅमेरा आला. म्युनिकच्या आरी कंपनीनं 1937 मध्ये फिरत्या आरशाचं शटर आणलं, त्यामुळं लेन्समधून दिसतं तेच कॅमेरामनला चालू शॉटमध्ये दिसू लागलं. माझ्या मते त्यानंतरचा सगळ्यात मोठा बदल थेट डिजिटल. 2011 पर्यंत आरी, पॅनाव्हिजन आणि आटोन या तिन्ही कंपन्यांनी नवे फिल्म कॅमेरे बनवणं थांबवलं होतं.