वाचकांचे प्रश्न : हलक्या एलमधली हॉप्सची जोडी

प्रश्न : मी मूळचा जुळे सोलापूरचा, सध्या लीड्सला असतो. घरी २० लिटरची सेशन एल (कमी अल्कोहोलची हलकी बिअर) करतो, अल्कोहोल ३.७ टक्क्यांच्या आसपास. या वेळी सिट्रा, मोझॅक, सिम्को, अमरिलो आणि सेंटेनियल असे पाच जातींचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) प्रत्येकी २० ग्रॅम घेतले आणि उकळी संपायच्या १० मिनिटं आधी एकदम टाकले. शेवटी टाकले की नुसता वास येतो, कडूपणा येत नाही, असं ऐकलं होतं. बिअर कडुलिंबासारखी कडू झाली, आणि वास कशाचा म्हणाल तर सांगताच येत नाही. कुठल्या जाती एकत्र घालाव्यात?

उत्तर : आधी कडूपणाचा हिशोब करू. तुमच्या पाच जातींचं अल्फा आम्ल (हॉप्समधला कडूपणा देणारा घटक) सरासरी ११ टक्के धरा. १०० ग्रॅममध्ये ११ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला प्रतिलिटर ५५० मिलिग्रॅम. १.०४० घनतेच्या (पाणी १.०००) वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या सातूच्या) गोड काढ्यात, १० मिनिटांच्या उकळीत यातलं सुमारे ९ टक्के उतरतं (कडूपणा काढायच्या टिनसेथच्या सूत्राने). झाले ५० आयबीयू (कडूपणाचं माप). १.०३८ च्या एलला २७ ते ३० पुरतात. शेवटी टाकलेले हॉप्स कडू करत नाहीत, हे पाच-दहा ग्रॅमपुरतं खरं आहे. १०० ग्रॅमला नाही. साडेसहा टक्क्यांच्या आयपीएमध्ये (हॉप्स भरपूर असलेली कडक एल) माल्टचा गोडवा आणि अल्कोहोल मिळून हे ५० आयबीयू पचवतात. तुमच्या एलकडे तेवढं अंगच नाही.

आता वास. पाच जाती सारख्या प्रमाणात घातल्या की कोणीच पुढे येत नाही. त्यातही मोझॅक ही सिम्कोचीच लेक, त्यामुळे त्या दोघींचा बराच भाग एकमेकींवर चढतो. सिट्रा आणि अमरिलो दोन्ही संत्र्या-लिंबाच्या कुळातल्या. नावं पाच, पण नाकाला एकच गोंधळ.

आमचा सल्ला असा, की इतक्या हलक्या बिअरमध्ये वासाला दोनच जाती ठेवा आणि प्रमाण २:१ ठेवा. एक पुढे, दुसरी तिच्या मागे. १:१ केलंत की दोन्ही अर्ध्या वाटतात. कडूपणासाठी तिसरी, पण तिला वासाचं काही काम नको. तुमच्याकडच्या मालातून सिट्रा (लिंबू, आंबा, लिची) पुढे आणि सिम्को (पाइनची राळ, थोडं ग्रेपफ्रूट) मागे. सिम्कोमुळे सिट्राचं फळ नुसतं सरबत होत नाही. कडूपणाला मॅग्नम घ्या. मोझॅक दुसऱ्या खेपेला ठेवा, तीही पाकीट फोडून हुंगल्यावरच. काही मालात, विशेषतः उशिरा तोडलेल्या, कांदा-लसणाची झाक असते. शेंगाचटणीत लसूण हवाच, पण इथे नको.

२० लिटरचं माप :

पेल माल्ट ३ किलो, क्रिस्टल माल्ट २०० ग्रॅम, ओट्सचे पोहे २०० ग्रॅम. मॅश (माल्ट गरम पाण्यात मुरवणं) ६८ अंशांवर तासभर. ६५ वर केलात तर यीस्ट सगळी साखर खाईल आणि बिअर पाणचट लागेल. पाणचट बिअरमध्ये हॉप्स आणखी बोचतात. सुरुवातीची घनता १.०३८, शेवटची १.०१० ते १.०११. यीस्ट एस-०४ चं एक पाकीट, तापमान १८ ते २० अंश.

मॅग्नम (१२ टक्के अल्फा) १२ ग्रॅम, ६० मिनिटं : १८ आयबीयू.
सिम्को ५ ग्रॅम, शेवटची १० मिनिटं : ३ आयबीयू.
आच बंद करून वर्ट ८० अंशांवर आणा, मग सिट्रा २० आणि सिम्को १० ग्रॅम, झाकण ठेवून २० मिनिटं. यातून पाच ते आठ आयबीयू येतात. ही पायरी ९५ अंशांवर उरकलीत तर कडूपणा वाढतो आणि हलकी तेलं वाफेबरोबर उडून जातात, म्हणून थर्मामीटर बघूनच.
ड्राय हॉप (आंबवण उरकत आल्यावर, न उकळता बिअरमध्येच घातलेले हॉप्स) : सिट्रा ३० आणि सिम्को १५ ग्रॅम, दोन ते तीन दिवस. जास्त दिवस ठेवून वास वाढत नाही, गवताची चव मात्र येते.

पाकिटावरचा अल्फाचा आकडा दर हंगामाला बदलतो. मॅग्नम १४ टक्के आली तर १२ ऐवजी १० ग्रॅम घ्या.

नवी जोडी ठरवायची असेल तर २० लिटर पणाला लावू नका. प्रत्येक जातीचे २ ग्रॅम पेलेट (हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या) वेगवेगळ्या कपात २०० मिली, ७५ अंशांच्या पाण्यात १० मिनिटं झाकून ठेवा, गाळा, गार करा. मग चमच्याने २:१, १:२, ३:१ असं मिसळून हुंगा. यात कडूपणाचा अंदाज येत नाही, कारण उकळी नाही. फक्त वास बघायचा. तीन-चार कपांनंतर नाक आणि जीभ दोन्ही थकतात. घरून आलेली कडक भाकरी शिल्लक असेल तर तिचा तुकडा आणि साधं पाणी घेऊन मग पुढचा कप.

प्रश्न : याच एलसाठी पाण्यात जिप्सम किती घालू? हॉप्स उठून दिसायला भरपूर घालावं असं म्हणतात.

उत्तर : भरपूर नको. १० लिटर मऊ पाण्यात १ ग्रॅम जिप्समने (कॅल्शियम सल्फेट) सल्फेट सुमारे ५६ पीपीएम (प्रतिलिटर मिलिग्रॅम) वाढतं. सल्फेट १०० ते १५० च्या आत ठेवा आणि कॅल्शियम क्लोराइड घालून क्लोराइड त्याच्या जवळपास आणा. सल्फेट कडूपणाला धार देतं, क्लोराइड बिअरला भरीवपणा देतं. हलक्या एलला दुसऱ्याची गरज जास्त. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असेल तर कॅम्डनची (सल्फाइटची) अर्धी गोळी चुरून ३० लिटरला घाला, नाहीतर औषधी वास येतो आणि त्याचा दोष हॉप्सच्या माथी बसतो.

प्रश्न : ड्राय हॉपच्या आधी घनता १.०१२ वर थांबली होती. बाटल्या भरल्या, तीन आठवड्यांनी उघडल्या तर फेस उतू गेला, आणि लोण्यासारखा वास आला. साखर मापात होती. मग चुकलं कुठे?

उत्तर : घनता ड्राय हॉपच्या आधी मोजलीत, नंतर नाही. हॉप्समध्ये स्टार्चवर काम करणारी एन्झाइम्स असतात. यीस्टला न पचणारं डेक्स्ट्रिन ती तोडतात, त्याची साखर होते आणि थांबलेली आंबवण पुन्हा सुरू होते. ब्राऊन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच हे नोंदवून ठेवलं होतं. इंग्रजीत याला आज हॉप क्रीप म्हणतात. ६८ अंशांच्या मॅशमध्ये डेक्स्ट्रिन जास्त उरतं, म्हणून सेशन एलला हा त्रास हटकून होतो. घनता दोन अंकांनी (१.०१२ वरून १.०१०) उतरली तरी बाटलीत जवळजवळ एक व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका, गॅस वाढतो. काचेची बाटली फुटूही शकते, तेव्हा उरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा आणि उघडताना तोंडापासून लांब धरा.

लोण्याचा वास डायअसिटिलचा, याच दुसऱ्या आंबवणीतून आलेला. उपाय एकच, घाई करायची नाही. हॉप्सची पिशवी तिसऱ्या दिवशी काढा, बिअर १८ ते २० अंशांवरच ठेवा आणि सलग तीन दिवस हायड्रोमीटर एकच आकडा दाखवेपर्यंत भरू नका. भरण्याआधी थोडी बिअर झाकलेल्या पेल्यात ६० अंशांवर २० मिनिटं गरम करून, गार झाल्यावर हुंगा. लोणी किंवा टॉफी आली तर आणखी दोन दिवस थांबा. साखर प्रतिलिटर ५ ग्रॅम पुरे.

प्रश्न : माल्ट आणि हॉप्स आता ऑनलाइन मिळतात. सोलापुरात घरी स्वतःपुरती पाच लिटर करून बघायला काय हरकत आहे? — होटगी रोड

उत्तर : कायद्याची हरकत आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. घरातच, विकायची नाही, थोडीशीच, यातली एकही सबब चालत नाही. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःच्या पिण्यापुरती घरी करायला परवाना लागत नाही, म्हणून वरची उत्तरं तिकडच्या वाचकांना दिली आहेत. ती इथे वापरू नका.

हॉप्सची जोडी जमवायची हौस मात्र इथेही भागते. त्यासाठी हॉप सोडा करा. त्यात माल्ट नाही, यीस्ट नाही, आंबवण नाही.

आरओचं पाणी घ्या. बोअरचं जड पाणी घेतलंत तर सामू (पीएच) वर राहतो, हॉप्सच्या पानातला तुरटपणा उतरतो आणि काढा होतो. दोन भाग उकळतं आणि एक भाग साधं पाणी मिसळलं की साधारण ७५ अंश होतात. अशा १ लिटरमध्ये आधी १ ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा, मगच सिट्रा १० आणि सिम्को ५ ग्रॅम पेलेट टाका. हा क्रम उलटा करू नका. झाकून १० मिनिटं ठेवा, दुहेरी मलमलीतून न पिळता गाळा. पिळलंत की हिरवा गाळ आणि तुरटपणा दोन्ही खाली येतात. पातेलं बर्फात ठेवून लगेच गार करा, स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. सामूच्या पट्टीवर ४ च्या खाली आकडा आला पाहिजे. नसेल तर चिमूट-चिमूट लिंबूसत्व वाढवा. मेच्या उन्हात ही बाटली ओट्यावर राहिली तर फेकून द्या. फ्रिजमध्ये चार दिवस चालते.

प्यायच्या वेळी ४० मिली अर्क आणि १६० मिली गार सोडा. लेबलवर सोडियम बायकार्बोनेट लिहिलेला सोडा नको, त्याने आंबटपणा मरतो. साखरेची गरज नाही. घालायचीच तर पेल्याला अर्धा चमचा. मीठ घालून बघायची आपल्याकडे सवय आहे, चिमूटभर खरंच बरं लागतं.

प्रश्न : गच्चीवर हॉप्सचा वेल लागेल का? — विजापूर रोड

उत्तर : वेल जगला तरी फुलं धरणार नाही, धरली तर मोजकीच. त्याला उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो. सोलापूर साडेसतरा अक्षांशांवर, इथला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास. भारतात हॉप्स पिकतात ते हिमाचलातल्या लाहौलमध्ये.

प्रश्न : मागवलेले पेलेट किती दिवस टिकतात? पाकिटाला चीजसारखा वास येतोय.

उत्तर : चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास आला म्हणजे हॉप्स शिळे झाले, वापरू नका. न फोडलेलं फॉइलचं पाकीट डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर वर्षभर चांगलं राहतं. फोडल्यावर हवा दाबून काढा, क्लिप लावा, पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवा आणि महिनाभरात संपवा. उन्हाळ्यात कुरियरने येणारं पार्सल दिवसभर ४२ अंशांत गाडीत तापतं, त्यामुळे वर्षभराची खरेदी डिसेंबर-जानेवारीत उरकलेली बरी. वीज गेली तर फ्रीजर उघडून बघत बसू नका.

प्रश्न : गाळलेला चोथा कुंड्यांना घालू का?

उत्तर : घरात किंवा गल्लीत कुत्री असतील तर अजिबात नको. हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत, वापरलेला चोथासुद्धा. शरीराचं तापमान झपाट्याने चढतं, धाप लागते, जीवही जातो. चोथा बंद पिशवीत बांधून घंटागाडीत द्या. कुत्र्याने खाल्लाच तर लक्षणांची वाट न बघता लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या आणि हॉप्स खाल्लेत असं स्पष्ट सांगा.